बिनपरवाना जोडण्या

एकतीस वर्षं चावी माझ्या खांद्यावर,
टी आकाराची, सात किलोची.
पहाटे चारला मंगळवार पेठ,
साडेपाचला पाण्याच्या खजिन्याखालचा व्हॉल्व्ह.
कुठल्या झाकणाखाली किती आटे, डोळे मिटून सांगतो.
पाणी आलं की लोखंड आधी खोकतं, मग बोलतं.

आणि परवा सीपीआरमध्ये
मनगटातनं तार घालून मगदूम डॉक्टरबाईंनी
माझीच लाईन तपासली.

पडद्यावर काळी शाई पळाली.
डावी नळी, तिचे फाटे, ठीक.
उजवी निघाल्या निघाल्या तुटलेली.
"शंभर टक्के बंद, बाळगोंडा.
आजची नव्हे, दोन-तीन वर्षं झाली असतील."
मग इतके दिवस चावी फिरवली
ती कुणाच्या जिवावर ओ?

त्यांनी पेनाचं टोपण पडद्यावर टेकवलं.
डावीकडनं, भिंतीला वळसा घालून,
केसाएवढ्या वाकड्यातिकड्या वाटा
बंद नळीच्या पार पलीकडच्या टोकाला
उलटं रक्त चढवत होत्या.
"होत्याच ह्या, जन्मापासून. मिटलेल्या.
मोठी चोंदत गेली तशा रुंदावल्या.
पुरत नाहीत, म्हणून जिन्यावर छाती आवळते.
पण भिंत वाचली.
एवढा पट्टा तेवढा मेलाय,"
आणि बोटाची दोन पेरं दाखवली.

मला हसू फुटलं.
नर्सला वाटलं, औषध चढलं.

असल्या वाटा मला पाठ.
मंजुरी नाही, नकाशात नाही, मीटर तर नाहीच.
अर्धा इंची पाइप, सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
गटारीच्या कडेनं रात्रीत पुरलेली.
ऑफिसातनं यादी यायची,
मी करवत घेऊन निघायचो.

बोळाच्या टोकाला नसीम शिकलगार दारात उभी.
भांडली नाही. एवढंच म्हणाली,
"तुमची मोठी लाईन येईपर्यंत
पोरांना काय सांगू, थांबा म्हणून?"
कापली मी. यादीवर रेघ मारली.
तिनं दिलेला चहाही प्यालो,
त्याच पाण्याचा असणार.

बाई म्हणतात, बंद नळी उघडून बघू,
नाहीतर गोळ्यांवर राहा, सोमवारी सांगा.
बायको म्हणते, उघडा.
मी अजून काही बोललेलो नाही.

रात्री वॉर्डातले दिवे विझले की
तळहात छातीवर ठेवतो, कान देतो.
मेलेला पट्टा काही ओढत नाही;
शेजारचे त्याला सोबत नेतात,
पाय मुरगळलेल्याला दोघांनी खांद्यावर घ्यावं तसं.
आणि त्याच्या कडेनं, अंधारात,
कोणतरी अजून खणतंय.

खण बाबा.
ह्या वेळची यादी
माझ्याकडं आलेलीच नाही.