मिस्ड कॉल

पुतण्याच्या रिसेप्शनला, मुलुंडच्या हॉलमध्ये,
सॅलडच्या ताटातला एक टोमॅटो
मी रुमालात गुंडाळून आणला.
बोराएवढा. शालन म्हणाली,
‘लोक चमचे चोरतात, तुम्ही हे.’

राखेत घोळून, पेपरवर वाळवून
बिया ठेवल्या तपकिरीच्या डबीत.
डबी वडिलांची, तपकीर केव्हाच संपलेली,
तरी रोपं उगवली तेव्हा मला शिंक आली.

कन्नमवार नगर, चौथा मजला, पूर्वेची खिडकी.
बॉक्स ग्रिलमध्ये डिस्टेंपरची बादली,
तळाला तापल्या सळीनं पाडलेली सात भोकं,
आणि त्या भोकांतून थेट
तिसऱ्या मजल्यावर, तांडेलबाईंच्या
वाळत घातलेल्या चादरीवर
माझ्या शेतीचं पाणी.
त्या वर आल्या. मी बादलीखाली परात ठेवली.
भांडण मिटलं असं नाही,
पण शुक्रवारी पिशवीतून कोलंबीची सालं आली:
‘मातीत पुरा. झाड माजेल.’

माजलं.
सुतळीवरून चढत, ग्रिलचे चौकोन मोजत
गच्चीकडे बघू लागलं.
फुलं आली, पिवळी, खाली मान घातलेली,
उत्तर येत असून
हात वर न करणाऱ्या मुलींसारखी.
आणि गळली.
देठाच्या सांध्यावर, न भांडता, रोज चार-पाच.

नर्सरीवाला म्हणाला, फूल थरथरायला पाहिजे, काका.
भुंगा फुलाला धरून गुणगुणतो, तेव्हा पराग सुटतो.
आमच्याकडे भुंगा कुठला?
कबुतरं येतात. त्यांनी थरथरतो फक्त मी.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो.
खांबावर चढायचं, कानाला रिसीव्हर लावायचा,
परक्या घरातली घंटा वाजते का बघायचं.
वाजली की उतरायचं.
पुढे कोण कुणाशी काय बोललं, ते आपलं नव्हे.

त्यातूनच सुचलं असेल.
फोन व्हायब्रेटवर टाकला, घोसाच्या देठाला टेकवला,
आणि स्वयंपाकघराकडे ओरडलो,
‘शालन, मिस्ड कॉल दे!’

गुर्रर्र.
नखावर धूळ पडली, हळदीच्या चिमटीहून कमी.
‘अजून एक?’
‘अजून एक.’
रोज दहाला, ऊन बादलीवर आलं की.
कॉलच्या यादीत वरपासून खालपर्यंत
शालन, शालन, शालन.
साखरपुड्यानंतरसुद्धा तिनं
मला एवढी हाक मारली नव्हती.

एकदा अंगठा चुकून हिरव्यावर गेला.
‘हॅलो,’ मी म्हटलं, सवयीनं.
‘कोण पाहिजे?’ तीही सवयीनं.
मध्ये एक भिंत. फोडणी दोनदा तडतडली,
एकदा खरी, एकदा फोनमधून, जरा उशिरानं.
ठेवायचं दोघांनाही सुचेना.
मग ती म्हणाली,
‘डाव्या कानानं कमी येतंय ऐकू.
गणपतीपासून. सांगायचं राहिलं.’
गणपतीपासून.
आणि मी, लाइनमन, त्याच घरात.
‘उद्या जाऊ दाखवायला,’ मी म्हटलं.
‘आधी फुलं बघा,’ ती म्हणाली, आणि ठेवला.

जानेवारीत फळं धरली.
बाप लाल, वाटोळा; पोरं लांबुडकी, टोकाला चोच असलेली.
कुणावर गेली, विचारू नका.
पहिल्या तोडणीला अकरा. दोन बुलबुलानं नेली,
चार खाली दिली, वाटीत, वाटी परत करा म्हणून.
उरलेली शालननं आमटीत टाकली नाहीत,
लाज वाटते म्हणाली, एवढ्याशा जिवांना शिजवायची.
मिठाला लावून खाल्ली, उभ्याउभ्या.
‘आंबट आहेत.’
‘जास्त?’
तिनं उजवा कान पुढे केला. मी परत विचारलं नाही.

आता वारा सुटलाय, फुलं आपली आपण हलतात.
तरी दहाला खिशात गुरगुरतं.
मी कधी खाली असतो, पेपरवाल्याचं बिल देत.
उचलतो.
‘दही आणा,’ ती म्हणते, जरा मोठ्यानं,
जसं दुसऱ्या टोकाला कुणी आहे की नाही
याची अजून खात्री नाही.