पान एक्केचाळीस

नेरुळ, सेक्टर दहा, सिडकोचा तळमजला.
दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स.
कर्नल खानविलकर मंगळवारी यायचे
शाईनं लिहिलेली पानं घेऊन, बूट पुसून.

पेपरात त्यांच्यावर दोनदा आलं होतं, जुनं.
सोसायटीनं एका सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी त्यांच्या हाती दिली,
पुढच्या वर्षी नाही.
शेजारी इडलीचं पीठ विकणारे मुरुगेशन
त्यांचे सुटे पैसे काउंटरवर ठेवायचे.

मी टाइप करायची.
समुद्रापलीकडचं बेट, आपसात लढणारी माणसं,
मध्ये आपली पलटण, शांतता राखायला.
'शांतता' ते अवतरणात घ्यायला लावत,
मग चिन्हं काढायला लावत.

पान एक्केचाळीसवर एक शाळा होती.
पहिल्या खर्ड्यात : पहाटे गोळीबार झाला.
म्हटलं, साहेब, कुणी केला ते राहिलंय.
बारा वर्षं व्याकरण शिकवलं, सवय जात नाही.
पुढच्या मंगळवारी : आमच्या तुकडीकडून झाला.
जूनमध्ये : आम्हाला करावा लागला.
मग महिनाभर आलेच नाहीत.
वॉचमन म्हणाला, खाडीवर दुर्बीण घेऊन बसतात,
फ्लेमिंगो मोजतात, वहीत आकडा लिहितात,
खोडतात.

आले तेव्हा हातात कागद नव्हता.
उभ्यानंच म्हणाले, लिहा. मी हुकूम दिला.
लिहिलं.
आणि पडद्याकडे बघत राहिले,
कारण आपल्या भाषेत होऊन गेलेल्या गोष्टीत
क्रियापद कर्त्याशी जुळतच नाही,
कर्माशी जुळतं.
'दिला' हुकुमाचा. 'मी' आपला कडेला, सुटा.
हे त्यांना बोलले नाही.
"आता बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.
व्याकरणानं बरोबर होतं.

दिवाळीनंतर मुलगा आला, डोक्यावर केस नुकते उगवलेले.
पेनड्राइव्ह ठेवला : एक्केचाळीस काढा,
चाळीसला बेचाळीस जोडा.
जोडलं. चाळीसच्या शेवटी ट्रक बंद पडतो,
बेचाळीसवर सगळे चहा पितात.
कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

खर्ड्यांच्या पाठी कोऱ्या होत्या, मी कागद फुकट घालवत नाही.
काल मुरुगेशनच्या बिलबुकाचा नमुना एकावर काढला.
त्यांनी उलटून पाहिलं.
तीस वर्षं झाली इथं, मराठी वाचतात,
एकेका अक्षराखाली बोट ठेवून.
बराच वेळ.
मग म्हणाले, नमुना दुसऱ्या कागदावर काढा.
हा परत दिला नाही.