तुलि, तूलि, तुल्लि

मंगळवारी रात्री भांडी विसळून झाली
की मी नव्या यंत्रांच्या बातम्या वाचते.
बासष्टाव्या वर्षी. चष्मा कपाळावर, मग नाकावर, मग परत कपाळावर.
तांपेरेचा एक मास्तर लिहितो, हे वापरून पाहा, वर्ग बदलून जाईल.
कुठल्याशा बेटावरची बाई लिहिते,
वर्ग नाही बदलला, पण दोन मुलं बोलायला लागली.
मी दोघांनाही एकटीच मान डोलावते
आणि वहीत नाव टिपून ठेवते.

योएन्सूच्या आमच्या प्रौढशाळेत
जिन्याखाली एक खोली आहे.
तिथे माझी सगळी वर्षं रचून ठेवलीत:
चौदा टेपरेकॉर्डर, एकाचं झाकण रबरानं बांधलेलं;
पंधराच्या पंधरा विभक्ती भिंतीवर पाडणारा प्रोजेक्टर, दिवा गेलेला;
बोटानं लिहायचा पांढरा फळा,
जो पहिल्याच थंडीत बोटं ओळखेनासा झाला.
यातलं प्रत्येक आलं तेव्हा मी केक भाजून नेला होता.
देखभालीचा वेइक्को म्हणतो,
बाई, तुम्ही लग्नं फार लावता.

यंदाचं यंत्र म्हणजे नुसता कान.
तुम्ही शब्द बोला, ते ऐकतं,
हिरवी पट्टी सरकते, आकडा येतो.
बेकरीतली पाळी संपवून रात्री दोनला बसलेल्या माणसालाही
ते तितक्याच गोड आवाजात सांगतं, पुन्हा एकदा.
हे मला जमत नाही. खोटं कशाला बोलू.

घरी आधी मीच बोलून पाहिलं.
एकाहत्तर.
मला! माझ्याच भाषेत!
मग लक्षात आलं, मी 'मिए' म्हणाले होते,
इकडे नदीकाठी सगळे म्हणतात तसं, आई म्हणायची तसं.
पुस्तकातला 'मी' वेगळा असतो.
तो म्हणून पाहिला. सत्त्याण्णव.
बरं वाटलं, आणि लगेच
कुणाच्या तरी खिशात हात घातल्यासारखं वाटलं.

तुलि म्हणजे आग.
तूलि म्हणजे वारा.
तुल्लि म्हणजे जकात, सीमेवरचं ते लांब टेबल.
अब्रेहेत म्हणते आग, यंत्र लिहितं जकात.
म्हणते वारा, यंत्र लिहितं आग.
पुन्हा एकदा.
जकात.
पुन्हा एकदा.
तिनं हेडफोन काढून गळ्यात घेतले, म्हणाली,
हे मला तिघांच्या पलीकडे जाऊ देत नाही.
वाक्य अख्खं बरोबर होतं, विभक्तीसकट.
मी वहीत तशी खूणही केली.
मास्तरकीची खोड वाईट.

मार्चमधली सकाळ. नदीवरचं बर्फ अजून माणूस पेलत होतं.
अब्रेहेत टोपी न काढता, दार न लावता आत आली
नि ओरडली, तुलि! तुलि!
मी खिडकीबाहेर धूर शोधला,
वेइक्को भिंतीवरचं लाल नळकांडं घेऊन धावत आला.
ती जोरजोरात मान हलवत होती, फोन पुढे करत होती:
विमानतळाचं काचेचं दार,
उंच, अवघडलेला मुलगा,
पाठीवरच्या कोऱ्या पिशवीला किमतीची चिठ्ठी तशीच.

'तुलि' म्हणजे 'आला' सुद्धा.
तोच शब्द, तितकाच ऱ्हस्व.
चौतीस वर्षं शिकवतेय
आणि त्या वेळी मला फक्त आग आठवली.

तिचा उकार बरोबर होता का?
ठाऊक नाही. मोजला नाही कुणी.
म्हणजे, टेबलावर यंत्र चालू होतं,
ते ऐकत होतं सगळं: सरकत्या खुर्च्या, हुंदका, वेइक्कोचे बूट,
नळकांडं परत खुंटीला लागल्याचा आवाज,
आणि पट्टी हिरवी होई, लाल होई, परत हिरवी.

आज मंगळवार.
तांपेरेच्या मास्तरानं नवीन काही सुचवलंय, डोळ्यांवर लावायचं.
नाव टिपून घेतलं.
त्याला लिहायला बसले: कानाचं यंत्र चांगलं आहे, फक्त
आणि त्या 'फक्त'पाशी अर्धा तास गेला.
मग उठले. भांडी राहिली होती.