कुंभारीण

अकरा वर्षं लागली विमान बांधायला.
कॅन्ससमधलं न्यूटन गाव, आमचं गॅरेज;
गाडी बाहेर बर्फात कुडकुडायची
आणि आत पंखांच्या फासळ्या छताला टांगलेल्या.
रिव्हेट किती, मला विचारू नका. मृदुला सांगेल.
पत्र्याच्या पलीकडून लोखंडी ठोकळा धरून तीच बसायची.
ती म्हणते, आठ हजारांनंतर मोजणं सोडलं.

तपासनीस आला, सगळ्या झाकणांखाली डोकावला,
म्हणाला, आत मोठ्या अक्षरांत लिहा : प्रायोगिक.
तसा कायदाच आहे.
मृदुलानं स्टेन्सिल कापला आणि म्हणाली,
उरलेला रंग तुझ्या कपाळाला लावू का?

चौपन्नावं उड्डाण. सप्टेंबर.
टाक्या भरलेल्या, तेल नवं.
सहाशे फुटांवर इंजिन एकदा खाकरलं,
सभेत बोलायला उठलेला माणूस खाकरतो तसं,
आणि बोललंच नाही.

वर्नन उन्रूनं शिकवलं होतं :
हजार फुटांखाली मागे वळायचं नाही.
मागे पडलेली धावपट्टी तुझी नव्हे.
पाढ्यासारखं घोकलं होतं मी.
पण पाढा जिभेला येतो;
हात कुठल्या शाळेत गेले होते कोण जाणे,
त्यांनी दांडी पोटाकडे ओढली
आणि डावीकडे, घराकडे, पंख कलायला लागला.

किती वेळ? मृदुलाला मी दोन सेकंद सांगतो.
मग पाढा मनगटापर्यंत पोचला.
नाक खाली.
जिची भीती, तिच्याकडेच तोंड करून जायचं.
पंप. दुसरी टाकी. पुन्हा पंप.
पंखा समोर उभा, मास्तरांच्या पट्टीसारखा.

खाली ज्वारी.
मी सोलापूरचा; पण ही बुटकी, तांबड्या कणसांची,
गुरांना घालायची ज्वारी.
ओळींच्या दिशेनं उतर, आडवा नको, एवढंच सुचलं.
कणसं पोटाखाली ताडताड वाजली,
पुढचं चाक गेलं, पंख्याचं एक पातं गेलं,
माझा ओठ फाटला.
मग इतकं शांत, की मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं.

टाकीचं झाकण उघडलं
तर टाकीनं श्वास घेतला,
बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा.
पेट्रोल जवळजवळ काठोकाठ.

वर्नन पंखाखाली पाठीवर सरपटत गेला,
हवेच्या नळीत तार घातली.
दोन्ही टाक्यांना मिळून एकच नळी, पेन्सिलीएवढी.
ती कल्पना माझी.
नळीतून माती पडली, मळून गुळगुळीत केलेली,
मातीत बधिर केलेले तीन कोळी
आणि त्यांच्यावर वाढणारी एक पांढरी अळी.
आम्ही हिला कुंभारीण म्हणतो, मी वर्ननला सांगितलं.
त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.
आठवडाभर विमान शेडमध्ये उभं होतं.
तेवढ्यात तिचं घर झालं.

रेम्पेलचं शेत. त्यानं पावलं टाकत मोडलेली ज्वारी मोजली,
म्हणाला, पाखरं याहून जास्त खातात, पैसे राहू दे.
मृदुला आली. माझ्याकडे नंतर बघितलं.
आधी पंखावरून हात फिरवत टोकापर्यंत गेली,
म्हणाली, माझे सगळे जागेवर आहेत.

काय शिकलास, क्लबातले विचारतात.
मी इंजिनाबद्दल बोलायला लागतो
आणि नळीपाशी येऊन थांबतो.
जे बांधलं ते अकरा वर्षं तपासलं;
जिथे काहीच बांधलं नव्हतं,
तिथे डोकावायचं राहिलं.
आता नळ्या दोन आहेत, प्रत्येकीला टोपी, टोपीला लाल फीत,
तरी गुडघे टेकून आत फुंकतो.

या मेमध्ये ती, किंवा तिची कोणी, शेडमध्ये आली.
माझ्या हातात फडकं होतं.
दाराच्या चौकटीत स्क्रूचं एक रिकामं भोक आहे.
आत गेली. बाहेर आली.
पुन्हा आत, पुन्हा बाहेर,
कडेनं चालून, तिसऱ्यांदा आत.
तेव्हा कुठे चिखल आणायला गेली.