सी कॅमेऱ्याचं घड्याळ

राजारामपुरी, नववी गल्ली, बेकरीच्या वरची खोली.
खालून टोस्टचा वास आला की समजायचं
पहाटेचे चार वाजले,
आणि माझे अजून फोल्डरच चाललेत.

ए कॅमेरा समोरून : चेहरा, चष्मा, मागं इंजिनाचं कॅलेंडर.
बी कॅमेरा : नुसते हात.
सी तौफिक मुजावरकडनं उसना आणलेला, लग्नांचा.
त्याचं घड्याळ सात वर्षं मागं
आणि कार्डात आधीच कुणाची तरी हळद,
पाटावर नवरी, नाकाला पिवळं बोट लागलेलं.
तिला हात लावला नाही.
बाकीचं ओढून घेतलं, नावं दिली,
ए ला निळा रंग, बी ला हिरवा,
सी ला जो उरला तो.

शूटला क्लॅप न्यायला विसरलो होतो.
रामलिंगमामाच म्हणाले, "टाळीच पायजे न्हवं?"
आणि कोपऱ्यातला हातोडा उचलून
ऐरणीवर एकच घातला, असा
की शेडबाहेर झोपलेली दोन कुत्री उठून बसली.
तो ठण्ण आता माझ्याकडं तीन लहरींत आहे.
तीन उंच काटे. एकाखाली एक आणले
की चाळीस वर्षं लोखंड ओतलेला माणूस
तिन्हीकडून एकदम बोलायला लागतो.

"रसाचं भांडं दोघांनी धरायचं," मामा सांगतात.
"पुढचा दांडा माझा. पाय एका मापानं पडाय पायजेत,
एक जरी चुकला..."
मग माझाच आवाज येतो, कॅमेऱ्यामागून, उत्साही :
मागचा दांडा कुणाकडं होता?

अकरा सेकंद.
ए मध्ये चष्मा खाली होतो.
बी मध्ये अंगठा बोटांची पेरं मोजतो, पुन्हा पहिल्यापासून.
मी मार्कर लावून ठेवला होता :
नाव विसरले. कापणे.
हाताचा शॉट वर टाकला की अकराचे दोन होतात,
कुणाला कळतसुद्धा नाही. हेच तर माझं काम.

पण सी.
सी मध्ये कडेला, दाराच्या चौकटीत अर्ध्या कापलेल्या
सुगलाबाई, हातात चहाचा ट्रे.
फ्रेममध्ये घुसलेली बाई, असं मी वहीत लिहिलेलं.
सातव्या सेकंदाला त्यांचे ओठ हलतात.
सी चा माईक भिकार, त्यात फक्त पंखा आहे.
दोनशे टक्के मोठं केलं, चारशे केलं,
चेहऱ्याचे चौकोन झाले.
ओठ मिटतात. उघडतात. बास.
म्हणजे प, नाहीतर ब, नाहीतर म.
बेकरीच्या बिलामागं मी नावं लिहीत बसले :
पिराजी, बंडा, मल्लू, मानसिंग,
प्रत्येक नाव त्या ओठांवर चढवून बघितलं.
मल्लू जवळजवळ बसतंय, असं पाच वाजता वाटलं.

नऊला फोन केला.
"नाव?" सुगलाबाई म्हणाल्या.
"नाव मी कशाला सांगू पोरी, त्यांस्नी ठावं हाय की.
मी म्हणत हुते, पुरे."
मागं कुकरची शिट्टी झाली.
"इचारलं की मग रात्रीचं झोपत न्हाईत.
दांडा धरल्यागत मुठी करून बसत्यात."

मार्कर पुसला.
त्याजागी काय लिहायचं म्हणून बराच वेळ
रिकाम्या चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत राहिली.

दुपारी तौफिकला कार्ड परत केलं.
हळद आहे तशी आहे, म्हटलं.
"आणि घड्याळ? नीट केलंस?"
केलं, म्हटलं. केलं नव्हतं.

अकरा सेकंदांचं अजून ठरत नाही.
स्क्रीनवर निळा, हिरवा आणि तो उरलेला रंग
एकाखाली एक उभे आहेत,
पाय एका मापात.