एक बी इकडे किंवा तिकडे

तक्ता झुरिकहून आला. अकरा रकाने,
प्रत्येकात एक ते पाच.
पाच म्हणजे पैसे घालू नका.

वीस वर्षांत सरकारं किती वेळा पडली?
पडणं हा शब्द चुकीचा, मी कळवलं,
आमच्याकडे ती पडत नाहीत,
रात्री जेवून झाल्यावर कूस बदलतात.
उत्तर आलं: कूस कुठल्या रकान्यात धरायची?
मी तीन टाकले.

मडगावचे वकील एर्मेलिंद कार्दोज म्हणाले,
जमीन कोमुनिदादची, कागद पोर्तुगीज,
शाई अजून ओली आहे असंच समजा.
चार.

जाळपोळ, अपहरण, लष्करी उठाव:
एक, एक, एक.
(इथे उगाच अभिमान वाटला.)

राहिला रकाना नववा, स्थानिक विरोध.
त्यासाठी रविवारी केप्याच्या पुढे,
सड्याच्या पायथ्याशी, ग्रामसभेला गेलो.
मिस्सा आटोपून लोक आले, देवळाकडून आले,
माईक तेवढा आला नाही.
सरपंच ओरडून सांगत होते, चारशे नोकऱ्या, रुंद रस्ता,
सडा काय, नुसता कातळ, उगवतं काय तिथे!

तेव्हा उमावती वेळीप उठली.
स्विस भांडवलाबद्दल तिची काही तक्रार नव्हती.
सड्यावर पडलेलं पाणी
खालच्या झरीत उतरायला
कितले दीस? कोणें मेजल्यात?

सरपंचांनी सेक्रेटरीकडे बघितलं,
सेक्रेटरीनं तलाठ्याकडे,
तलाठ्यानं पंख्याकडे.
माझ्याकडे कोणी बघितलं नाही,
आणि मोजायचे पैसे तर त्या सभागृहात
मला एकट्यालाच मिळत होते.

बेचाळीस, तीच म्हणाली.
बिस्किटांच्या डब्यात रोज एक काजूबी टाकायची,
झर फुगेपर्यंत.
तीन पावसाळे.
एका साली एक्केचाळीस भरल्या,
पण त्या साली घरात उंदीर होता.

हात वर झाले. मी मोजायला लागलो
आणि मध्येच चुकलो,
कारण डोक्यात तो उंदीर.
माझ्या अकरा रकान्यांत, इतक्या वर्षांच्या इतक्या तक्त्यांत,
उंदरासाठी जागा मी कधी सोडली नव्हती.

नवव्या रकान्यात ३.७ लिहून पाठवले.

गुरुवारी विचारणा: पूर्णांक अपेक्षित होता.
हे दशांश सात कशाच्या आधारे?

खिडकीबाहेर मांडवीत कॅसिनोची बोट
दिवसाउजेडी दिवे लावून उभी.
मी उत्तर लिहिलं, खोडलं.
परत लिहिलं:
प्रत्यक्ष पाहणी. नमुना, एक डबा.
चुकीची शक्यता
एक बी इकडे किंवा तिकडे.