पाठमोरी

अकरावा दिवस.
फिल्टरच्या नळीमागे तो उभाच्या उभा,
बशीएवढा, आणि रंग
धुऊन धुऊन विटलेल्या पडद्याचा.
दुकानात रादोवान म्हणाला होता, निळा आहे,
भर उन्हातल्या नदीसारखा.
मी म्हटलं, नदी ओस्त्रावालाही आहे,
निळी कधी पाहिली नाही मी. द्या.

एकतीस वर्षं खाणीच्या कँटीनमध्ये रांधलं.
तिन्ही पाळ्या धरून रोज चारशे ताटं.
उकडलेले क्नेडलीक दोऱ्यानं कापायचे,
सुरी लावली की बसतात, हे मी
कितीतरी नव्या पोरींना हात धरून शिकवलं.
रश्शाला नावं ठेवणारा मुकादम
दारातून परत पाठवला आहे मी.
आणि हा. अडीच वीत पाण्यातला हा गृहस्थ
माझ्या हातच्या कशालाही तोंड लावत नाही.

पापुद्रे घातले, तरंगत राहिले.
गोळ्या घातल्या, तळाशी जाऊन फुगल्या.
गाईचं काळीज किसून लसणाच्या रसात भिजवलं
तर घरभर असा वास सुटला
की शेजारचा क्तिबोर दार वाजवून म्हणाला,
आज काय बेत?
त्यालाच वाढलं मग, कांद्यावर परतून.
गोठलेल्या लाल अळ्या चहाच्या गाळणीत सोडवल्या.
परवा तळ्यावर गेले, काठचा बर्फ टाचेनं फोडून
जुन्या नायलॉनच्या मोज्यात पाणपिसवा धरल्या,
जिवंत, उड्या मारणाऱ्या.
त्याच्या डोळ्यासमोरून गेल्या.
डोळा हलला. तोंड नाही.

रात्री नळी लावून उष्टं काढते.
उष्टं तरी कसं म्हणू?
त्याला आधी कुणाचं तोंड लागावं लागतं.

रादोवानला फोन केला.
मागून पांढरा दोरा सोडतोय का?
नाही.
मग पोटात जंत नसावेत. ओढ्यातून धरलेला आहे तो,
तुम्ही घालता ते खाणं आहे
हेच त्याला ठाऊक नाही.
दिवा मालवा. दोन दिवस काही घालू नका.
मासा उपासानं उशिरा मरतो, बाई,
तुमच्या मायेनं पाणी नासलं की लगेच.

फोन आपटला मी.
थांबायचं कसं, हे या हातांना
कुणी शिकवलंच नाही.

खोटं बोलले.
वेंदेलीननं शिकवलं होतं एकदा.
स्लोव्हाकियातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेला, एकोणीस वर्षांचा,
पहिल्यांदा खाली उतरून वर आला
आणि ताटासमोर नुसता बसला.
पापण्यांच्या कडांना कोळसा तसाच.
मी डोक्यावर उभी. आधी गोडीनं, मग दटावून,
मग आणखी एक पळी वाढून.
तीन दिवस.
चौथ्या दिवशी मोठं पातेलं करपलं,
मी शिव्या देत त्याच्याकडे पाठ करून
तळ खरवडायला लागले,
आणि मागे चमचा वाजला.
एकदा. बऱ्याच वेळानं पुन्हा.
तळ लख्ख झाला होता,
तरी घासत राहिले.

आज दिवा मालवला.
दोन दिवस म्हणाला होता तो, मी एकच पाळला.
दोनच अळ्या सोडल्या, चिमटीतून,
आणि सिंककडे वळले.
समोरची खिडकी काळी,
काचेत माझा खांदा,
खांद्याच्या वर आमची टाकी, इवलीशी.
नळीमागून काहीतरी सुटं झालं.
बाहेरून ट्राम गेली, तिचे पिवळे उजेड
एकेक करून त्याच्या अंगातून गेले.
त्यानं अळी घेतली.
थुंकली.
पाहिलं तिच्याकडे, वाकडी मान करून पाहावं तसं,
म्हणजे मान नसते त्याला, पण तसंच.
पुन्हा घेतली.
पुन्हा थुंकली.

मी वळले नाही.
विसळलेली वाटी
पुन्हा विसळायला घेतली.